बावला खून खटला : दडपणे शक्य होते का?

‘इंदूर दरबाराने मनात आणले असते, तर बावला प्रकरण सहज दडपले गेले असते,’ असे विधान केले जाते; ते मला पटत नाही. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याची मोटार अडवून हल्लेखोरांनी त्याला गोळ्या घातल्या आणि सोबतच्या मुमताज बेगम हिच्या, म्हणजे इंदूरच्या महाराजांना सोडून आलेल्या नर्तकीच्या, चेहऱ्यावर वार केले. तिला पळवून नेण्याचा त्यांचा बेत होता. नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचले. त्यांपैकी लेफ्टनंट सेगर्ट याने हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपले आणि स्वतः गोळ्या लागूनही माघार घेतली नाही. दोन आरोपी जागीच पकडले गेले, मुमताज साक्ष द्यायला जिवंत राहिली आणि साक्षीदार तर साक्षात लष्करातले गोरे अधिकारी! अशा खटल्यावर पांघरूण घालणार कोण?

मुंबई उच्च न्यायालयात आरोपी आनंदराव फणसे याच्या बचावासाठी बॅरिस्टर जिना उभे होते, आणि फणसे फाशीतून वाचला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच आले नाहीत. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पेच सरकारने टाकल्यावर त्यांनी १९२६ मध्ये पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. दडपले गेले असेलच, तर ते एवढेच.