मदत हवी आहे: लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या बाईसाठी, मुलासह राहता येईल असं व्यसनमुक्ती केंद्र

इथे एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून दुभाष्याचं काम करते. एक मेक्सिकन बाई 11 दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटली. फेंटानिल या अफूसारख्या, पण फार तीव्र ड्रगचं व्यसन होतं. आत असतानाच ब्यूप्रेनॉर्फिन, म्हणजे ही तलफ आवरणारं औषध, सुरू झालं. जिभेखाली ठेवायच्या पट्ट्या आता सहाच उरल्यात, पर्समधून काढून रोज मोजते. 4 वर्षांचा मुलगा तिच्याजवळच आहे.

एका निवासी केंद्राने जागा देऊ केली, पण अट घातली की "आधी हे औषध बंद करा." हे मला मान्य नाही. सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, ओव्हरडोसचा धोका तेव्हाच सर्वाधिक. शिवाय डॉक्टरांनी दिलेल्या या औषधामुळे प्रवेश नाकारणं अपंगत्वविषयक कायद्यात बसत नाही; अमेरिकेच्या न्याय विभागाने 2022 मध्येच तसं स्पष्ट केलंय. भांडायला मात्र वेळ नाही.

सरकारी शोध-संकेतस्थळावर 'स्पॅनिश' निवडून नऊ ठिकाणी फोन केले. प्रवेशाच्या वेळी दुभाषी मिळतो, पुढची गटचर्चा इंग्रजीत! मग ती बोलणार काय, कपाळ?

तिचं मेडी-कॅल (कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्यविमा) चालू आहे. प्रोबेशनमुळे (न्यायालयाच्या देखरेखीमुळे) काउंटीबाहेर जाता येत नाही. गाडी नाही. ओव्हरडोस उतरवणारा नॅलोक्सोनचा स्प्रे घेऊन ठेवलाय.

इथे सोशल वर्क किंवा नर्सिंगमध्ये असलेल्यांना विचारते: गटचर्चा खरोखर स्पॅनिशमध्ये चालते, मूल आणि औषध दोन्ही चालतं, हे फोनवरच पक्कं करायला नेमकं काय विचारायचं? आणि जागा मिळेपर्यंत पट्ट्यांचं प्रिस्क्रिप्शन सर्वांत लवकर कुठून मिळेल?