अंधारातल्या राइडमध्ये मागचा माणूस मोबाईलचा दिवा लावतो. तुम्ही बोलता की गप्प बसता?

खिडकीपाशी

एरवी मी वाचनमात्र असते. आज धागा काढते आहे, कारण चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये.

मुलगी ९ वर्षांची. गेली दोन वर्षं मनोरंजन पार्कमधल्या भुताच्या राइडच्या दारापर्यंत यायची आणि तिथून माझा हात ओढत परत न्यायची. या वेळी सकाळी स्वतःच म्हणाली, "आज जाऊया." रांग ५० मिनिटांची. तेवढ्या वेळात "खरं काही नसतं ना?" हे तिने किती वेळा विचारलं ते मोजलं नाही. मी दर वेळी "तूच बघ की" एवढंच म्हणत राहिले. आतलं काही फोडायचं नाही असं ठरवलंच होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दादाने रांगेतच सगळं सांगून टाकलं होतं, आणि तो राग माझा अजून गेलेला नाही.

डब्यात दोन ओळी. पुढे आम्ही दोघी, मागे दोन तरुण. काळोख झाला, कुठेतरी दार करकरलं, तिची नखं माझ्या मनगटात रुतली. पहिलं वळण आलं आणि मागून फटकन पांढरा उजेड. आमच्या दोघींच्या डोक्यांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर, दोन भोपळ्यांसारख्या. ज्या कोपऱ्यातून एक बाई अंगावर येते, तिथली ती बाई अंगावर यायच्या आधीच दिसली. कंबरेखाली काहीच नाही, काळा रंग दिलेला लोखंडी खांब, त्याला चार बोल्ट, आणि पांढरं कापड फडफडवायला खाली एक पंखा.

मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "आई, तिला खांब आहे."

नखं सुटली.

मी मागे वळून म्हटलं, "दादा, दिवा बंद करता का? ही पहिल्यांदाच आली आहे." "हो हो" म्हणाला. दोन वळणं गेली आणि पुन्हा लावला. वर मोबाईलला समालोचन चालू, "मित्रांनो, आता डावीकडून येणार बघा." मग माझा आवाज चढला. त्यावर उत्तर काय, तर "मॅडम, तिकीट आम्हीपण काढलंय." बाहेर आल्यावर लेक मलाच म्हणते, "तू कशाला ओरडलीस? सगळे बघत होते."

दुपारी रोलर कोस्टर. पुढच्या ओळीतल्या मुलाने अंगावरचा सुरक्षेचा बार तपासून होईपर्यंत मोबाईल मांडीखाली दाबून ठेवला, कर्मचारी पुढे सरकला की बाहेर काढला. त्या राइडमधलं मला आठवतं ते फक्त त्याचं मनगट. उतार आठवत नाही, उलटं वळण आठवत नाही. दोन बोटांत धरलेला तो फोन आणि त्याच्या बरोब्बर मागे मी.

रांगेत "आमचे लोक पुढे आहेत" म्हणत सहा जणांनी घुसणं, पाण्यातला गोल तराफा मुद्दाम गदगदा हलवणं, मोकळे केस मागच्याच्या तोंडात जाणं, हे सगळंही झालं, पण ते सोडून देते. मला विचारायचंय ते हे की राइड चालू असताना बोलून काही होतं का? की मी उगाच किरकिर करते आहे?

---

ब्रेकरन

ताई, मी चार हंगाम राइड चालवायचं काम केलं आहे. आता दुसरं काम करतो, पण गाडी सुटताना हात अजून बटण शोधतो.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. राइड चालू असताना बोलून बहुतेक वेळा काही होत नाही. समोरच्याच्या नजरेसमोर तुमचा चेहरा नसतो, फक्त मागून-पुढून आवाज येतो, आणि सोबतच्या मित्रासमोर माघार कोण घेणार? बोलायची जागा म्हणजे फलाट. बार तपासला जात असतानाच हात वर करा आणि "पुढच्या ओळीत फोन आहे" एवढं म्हणा. नाव नको, भांडण नको. आम्हाला तेवढं पुरतं, आणि सांगणारा कोण हे आम्ही दाखवत नाही. अंधारातल्या राइडमध्ये बऱ्याच ठिकाणी काळोखातही बघू शकणारे इन्फ्रारेड कॅमेरे असतात. उतरल्या उतरल्या डब्याचा नंबर आणि ओळ सांगितली तर कुणाबद्दल बोलताय ते शोधता येतं. संध्याकाळी तक्रार खिडकीवर जाऊन सांगितलंत तर सहानुभूती मिळेल, बाकी काही नाही.

आता फोनचं. लोकांना वाटतं आम्ही फोनची काळजी करतो. फोन गेला खड्ड्यात. तो सुटला की गाडीच्याच वेगाने सरळ जातो. गाडी वळते, तो वळत नाही. मागच्या ओळीतल्याला तो पूर्ण वेगाने लागेलच असं नाही, कारण तोही त्याच दिशेने चाललेला असतो. पण रुळाखालून रांग जाते, तिथे माणसं उभी असतात. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. हवेचा विरोध सोडून दिला तर ४० मीटर उंचीवरून टाकलेली वस्तू खाली येताना जो वेग पकडते, तो हा. तेराव्या मजल्याच्या गॅलरीतून कुणी रांगेवर फोन टाकला तर त्याला काय म्हणाल, तेच या पोराला म्हणा.

फ्लॉरिडात दोन ड्रॅगनची एक जोड-कोस्टर होती. दोन गाड्या एकाच वेळी सुटायच्या आणि काही ठिकाणी एकमेकींच्या जेमतेम दीड फुटावरून जायच्या. तीच तर तिची गंमत. २०११ मध्ये उडत आलेल्या वस्तू लागून लोक जखमी झाले आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी सोडणं कायमचं बंद केलं गेलं. डिस्नीच्या पार्कांनी २०१५ मध्ये सेल्फी स्टिक प्रवेशद्वारावरच अडवायला सुरुवात केली ती काही हौस म्हणून नाही.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. कोस्टरच्या रुळाचे भाग पाडलेले असतात, एका भागात एका वेळी एकच गाडी. फलाटावरची सुटली नाही तर मागची बाहेर ब्रेकवर थांबते, आणि फारच वेळ लागला तर तिसरी चढणीवर. २४ जणांची गाडी दर मिनिटाला सुटली तर तासाला १,४४० लोक. "माझी पिशवी मी मांडीवरच धरतो ना" हा वाद दर गाडीला १५ सेकंद चालला तर १,१५२. उरलेले २८८ लोक कुठे जातात? तुमच्या मागे रांगेत. आणि शिव्या मिळतात बटणवाल्याला.

---

अर्धाकप

त्या व्हिडिओचं पुढे काय होतं ते मी सांगतो. हललेला, काळा, त्यात स्वतःच्याच मित्राच्या किंचाळ्या. घरी एकदा बघतात, मग फोनची जागा संपली की पहिला तोच उडवतात. त्याच्यासाठी ताईंच्या लेकीच्या भुताचा खांब उघडा पडला.

मोकळ्या केसांचा मुद्दा मात्र सोडू नका हो. एकदा अख्खा उतार मी परक्या बाईंची वेणी चावत काढला आहे.

---

काचेमागे

दिव्याने फक्त डोळे दिपतात असं वाटत असेल तर थोडं सांगते, हा माझा आवडीचा विषय.

डोळ्यांना काळोख पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. राइड असते पाच-सात मिनिटांची. म्हणजे मुळात अर्धवट सरावलेल्या डोळ्यांवर सगळा खेळ चाललेला असतो, आणि एका झगमगाटात तेवढंही पुसलं जातं. पुढची दोन दृश्यं गेलीच म्हणून समजा.

दुसरं असं की काही भुतं नुसत्या उजेडाचीच केलेली असतात. डिस्नीलँडच्या हॉन्टेड मॅन्शन या भुताच्या राइडमध्ये (१९६९ सालची) नाचणारी पारदर्शक जोडपी आहेत. ती युक्ती लंडनमध्ये १८६२ साली प्रोफेसर पेपर यांनी रंगमंचावर दाखवली, म्हणून अजून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मध्ये मोठी काच, आणि प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवलेल्या आकृत्यांवर नेमका प्रकाश. काचेत उमटलेलं प्रतिबिंब म्हणजे भूत. आपल्या बाजूने दिवा मारला की काच स्वतःच चमकते आणि भूत जातं. दीडशे वर्षांहून जुनी कारागिरी, मोबाईलवाल्याने एका बोटात मोडली.

---

जुनाचआयडी

कबुली देतो. मी तो मागचा माणूस होतो. तुमच्या मागचा नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी.

वडिलांना हृदयाचा त्रास, त्यांना राइडवर बसू देत नाहीत. ते खाली बाकावर बसले होते, म्हणून त्यांना दाखवायला घेतलं. दिवा मी मुद्दाम लावला नव्हता, आधी कधीतरी चालू केलेला तसाच राहिला होता, आणि बंद कसा करायचा ते काळोखात घाईघाईत सापडेना. पुढच्या बाई चिडून काहीतरी म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की मी उलट बोललो. हे लिहिताना कळतंय की माफी मागणं सोपं होतं.

वडिलांना दाखवलं. चार मिनिटं त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, "या बाई कोण ओरडतायत?" कारण त्यात ऐकू येण्यासारखं तेवढंच होतं.

---

डावाहात

थोडा वेगळा सूर लावतो. फोन, दिवा, रांग मोडणं याबद्दल पूर्ण सहमत. पण अशा धाग्यांवर हळूहळू "मोठ्याने ओरडतात", "सारखे हात हलवतात" हेही यादीत चढतं, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

माझा भाचा स्वमग्न आहे. कोस्टरवर तो पहिल्या चढणीपासून शेवटच्या ब्रेकपर्यंत एकाच सुरात ओरडतो आणि दोन्ही हात पंख्यासारखे हलवतो. वर्षातला त्याचा सगळ्यात आनंदाचा दिवस असतो तो. मागून एका गृहस्थांनी "पोराला आवरा" म्हटलं. कोस्टरवर! जिथे ओरडायलाच लोक येतात.

रांगेचंही तसंच. पोर लहान आणि उंचीत बसत नसेल तर आई राइड करून येते, मग बाबा पुढच्या दाराने जातात, पोर एकाकडे राहतं. ही सोय पार्कच देतं. बघणाऱ्याला ते घुसणं वाटतं. माझ्या बहिणीने यावरून ऐकून घेतलंय, कडेवर पोर असताना. तेव्हा रांगेतल्या माणसावर तोंड टाकायच्या आधी कर्मचाऱ्याने त्याला कुठून आत घेतलं तेवढं बघावं. सहा जण "आमचे पुढे आहेत" म्हणत दोरीखालून येतात तो प्रकार वेगळा, त्यांना माझ्याकडूनही दोन शब्द.

---

अर्धाकप

@डावाहात, पटलं. वेणीबद्दलची तक्रार मात्र कायम.

---

ब्रेकरन

@डावाहात, ओरडणाऱ्यांबद्दल आमच्याकडे कधीच कुणाला खाली उतरवलं नाही. उलट गप्प गाडी परत आली की आम्हीच एकमेकांकडे बघायचो, काही झालं का म्हणून.

@जुनाचआयडी, पुढच्या वेळी वडिलांसाठी फलाटावरच्या माणसाला विचारा. काही पार्क राइडचं स्वतःचं चित्रण दाखवतात, कुठे बाहेरच्या पडद्यावर गाडी दिसते. विचारलं तर सांगतो माणूस.

---

खिडकीपाशी

सगळ्यांचे आभार. @जुनाचआयडी, तुमचा प्रतिसाद वाचून त्या "तिकीट आम्हीपण काढलंय"वाल्यावरचा राग थोडा कमी झाला. पूर्ण नाही. तुमचा दिवा राहून गेला होता, त्याने दुसऱ्यांदा लावला होता.

काल पुन्हा गेलो. हट्ट माझाच होता, तिचा नव्हता. भुताच्या राइडला आमच्या मागे एक कुटुंब आणि त्यातल्या दादांच्या हातात फोन. @ब्रेकरन यांनी सांगितलं तसा बार तपासायला आलेल्या मुलीला हात केला. ती मागे गेली, काहीतरी हसून बोलली, फोन पिशवीत गेला. पाच सेकंदांचं काम. एवढंच करायचं होतं तर गेल्या वेळी मी घसा का फोडला?

या वेळी काळोख अगदी हवा तसा. दार करकरलं. पहिलं वळण यायच्या जरा आधी मी बाजूला पाहिलं, तर लेकीने डोळे गच्च मिटून घेतले होते. मला वाटलं घाबरली, मनातून बरंच वाटलं.

बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाली, "घाबरले नव्हते गं. उघडे ठेवले तर मला तो खांबच दिसतो."