शिक्षा झाली की शिक्षण? येऊ द्या आपापले किस्से

भोपाळहून बदलून आलेला सहकारी हट्टाने मराठीत बोलतो. परवा डबा खाताना म्हणाला, "माझी सगळी शिक्षा सरकारी खर्चाने झाली." कुठल्या तुरुंगात, हे अगदी ओठांवर आलं होतं! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. या शब्दाने तुम्हालाही कुठेतरी गाठलं असेलच. सांगा.

बेळगाव : या बाबतीत कन्नड-मराठीचं एकमत आहे (बाकीचं सोडा). शिक्षे म्हणजे शिक्षा, शिक्षण म्हणजे शिक्षण. घोळ घातला हिंदीने. 'शिक्षा का महत्त्व' हा निबंध आला आणि माझ्या शेजारच्या बाकावरच्याने छडीचे फायदे लिहिले. दोन पानं! सरांनी वर्गात वाचून दाखवला.

हैदराबाद : तेलुगूत उरिशिक्ष म्हणजे फाशी. मल्याळी शेजारीण सांगते, त्यांच्याकडे देहदंडाला वधशिक्ष. थोडक्यात, दक्षिण आपल्या बाजूने. फक्त इथे कामावरच्या ट्रेनिंगलाही शिक्षण म्हणतात.

कोलकाता : सासरी 'शिक्खा' म्हणजे शिक्षणच. पण गल्लीत दादागिरी करणाऱ्या एका पोराला चोप बसला तेव्हा सासूबाई खुशीत म्हणाल्या, "उचित शिक्खा होयेछे!" म्हटलं, हे तर आपलंच. आपणही 'चांगला धडा शिकवला' म्हणतो की. मला तर वाटतं, दंडाचा अर्थ याच वाटेने आत शिरला असावा.

नागपूर : आमच्याकडे रोज पंचशील म्हणतात. "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि." म्हणजे जीवहिंसा न करण्याचा नियम मी घेतो. शेजारच्या काकूंनी एकदा आजीला विचारलं, सिक्खापद मोडलं तर काय शिक्षा? आजी म्हणाली, "अवो, शिक्षा कोन देनार? आपनच घेतलं, आपनच पाळाचं." पालीतला हा सिक्ख म्हणजे संस्कृतातला शिक्ष्. आपलं शिकणं, हिंदीचं सीखना, सगळे त्याच घरचे.

पुणे : पाठशाळेत शिक्षा म्हणजे तिसरंच काही! सहा वेदांगांपैकी एक, उच्चाराचं शास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाची शीक्षावल्ली (हो, शी दीर्घच) त्यातले विषय मोजून देते: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान (म्हणजे सलग उच्चार). स्वर चुकला की गुरुजी तोच मंत्र पुन्हा पुन्हा म्हणायला लावत. दोन्ही अर्थ एकाच बैठकीत.

सांगली, जि. प. शाळा : भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'सर्व शिक्षा अभियान' रंगवलं होतं. नातवाला सोडायला आलेल्या आजोबांनी सावकाश वाचलं आणि मला विचारलं, "बाई, सगळ्यास्नीच? पोरांनी केलंय तरी काय?"