आबांच्या डबीतला वास कोणता? सुवासिक तपकिरीबद्दल विचारायचंय

दुधनाकाठची

नमस्कार मंडळी.

सेलू तालुक्यातलं आमचं माळवदाचं घर गेल्या महिन्यात उतरवलं. त्याआधी आठ दिवस मी अन् आत्या एकेक खोली रिकामी करत होतो. आजीच्या लाकडी पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, आबांची तपकिरीची डबी सापडली. पितळेची, लिंबाएवढी, आट्यांचं झाकण. आबांना जाऊन २६ वर्षं झाली. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की डबी तासभर उन्हात ठेवली, मग फडक्यात धरून पिळली तेव्हा कुठं उघडली. आत तपकीर अशी उरलीच नव्हती, आट्यांत अडकलेली काळपट पूड तेवढी. पण वास आला. गोडसर, जरा ओला, मागून किंचित उग्र. फुलाचाच वास, पण गुलाब नाही, मोगरा नाही. आत्यानं डबी नाकाशी धरली अन् तशीच खाली बसली.

आबा ज्वारीच्या जागलीला जायचे तेव्हा कधीमधी मीही माळ्यावर असायची. पौषातली थंडी. मध्यरात्र टळली की ते डबी काढायचे, झाकणावर नखानं दोनदा टकटक करायचे, अंगठा अन् तर्जनीत चिमूट धरून मान जरा कलती करायचे. पुढं धोतराच्या सोग्यानं नाक पुसायचे अन् म्हणायचे, "आता कोल्हं येऊ दे नायतर रानडुक्कर." सप्त्यात त्यांचा पहारा रात्री दोन ते चार. चिमूट ओढायचे, हात धुवायचे, मगच वीणा गळ्यात घ्यायचे. आम्ही डबीला हात लावला की हातातून काढून घ्यायचे, "लेकराच्या कामाची चीज नाही ती."

मी आजवर तंबाखूला शिवलेली नाही. पण एकदा, फक्त एकदा, ती तपकीर ओढून बघायचीय. म्हणून विचारते. हा वास कोणत्या तपकिरीचा असेल? ओढतात कशी? आणि सर्दीला, अर्धशिशीला, झोप घालवायला तपकीर औषधी असते असं गावातली जुनी माणसं सांगायची, त्यात खरं किती?

मोंढ्यातला

ताई, उदगीरला मोंढ्याजवळ आमचं किराणा दुकान होतं. तपकीर आम्ही सुटी विकायचो, पत्र्याच्या डब्यातून छोट्या तराजूवर तोलून, कागदाच्या पुडीत. म्हणून थोडं सांगतो.

तंबाखूची पानं चांगली वाळवायची, देठ अन् शिरा काढायच्या, भाजून किंवा नुसती कडक करून कुटायची आणि वस्त्रगाळ करायची. ही झाली साधी तपकीर. मद्रासकडच्या तपकिरीत तूप अन् चुना घालायची रीत आहे, त्यानं ती काळसर अन् जरा चिकट होते. चुन्यानं तंबाखूचा जोर नाकात लवकर चढतो. गुजरातेत छींकणी म्हणतात, तिकडचा माल फिकट अन् भुरभुरीत असायचा. सुवासिक करायची ती सगळ्यात शेवटी, कारण आचेजवळ वास टिकत नाही. गुलाब, केवडा, चंदन, मोगरा हे जुने वास. कापूर अन् पुदिन्याचा अर्कही घालतात, त्यानं नाक थंड पडतं आणि मोकळं झाल्यासारखं वाटतं.

जुना चांगला वास अत्तराचाच. कनौजला तांब्याच्या देगेत फुलं अन् पाणी उकळून वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती थंड करून गोळा करायच्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात उतरवतात, म्हणून खऱ्या अत्तराच्या मुळाशी चंदन असतं अन् ते वर्षानुवर्षं टिकतं. केवडा ओडिशातल्या गंजाम भागातून येतो. तुमच्या डबीतला वास २६ वर्षं राहिला म्हणता, तर तो बाजारातल्या हलक्या सेंटचा नाही एवढं मी छातीठोक सांगतो. ओला, गोड अन् मागून उग्र म्हणालात, मला तरी केवडा वाटायलाय.

अजून एक. तपकिरीला शेजारचा वास फार लवकर लागतो. वडील तिचा डबा हिंग, साबण, उदबत्ती सगळ्यांपासून लांब, वरच्या फळीवर एकटा ठेवायचे. एकदा आठ दिवस तो उदबत्तीच्या पुड्यांजवळ राहिला, तर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं पुडी उघडून नुसता वास घेतला अन् परत केली. वडिलांनी तो सगळा माल उकिरड्यावर टाकला. तेव्हा डबी इतकी वर्षं कुठं, कशाशेजारी होती हे आधी बघा.

ओढायचं म्हणाल तर 'ओढणे' म्हणतात म्हणून जोरात ओढू नका. ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी चिमूट घ्या, नाकपुडीच्या तोंडाशी धरा, वास घेतल्यासारखा हलका श्वास घ्या. ती नाकाच्या पुढच्या भागातच राहायला पाहिजे. घशात उतरली की कडू जाळ होतो अन् मळमळतं. बसून घ्या, उपाशीपोटी नको. सरावाच्या माणसाला शिंक येत नाही, तुम्हाला येणारच. आणि घरचं अत्तर त्यात मिसळायच्या भानगडीत पडू नका, आजच्या अत्तरात काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दुकानदाराला नीट 'तपकीर' म्हणा. आमच्याकडं आजारी माणसाच्या लापशीसाठी तवकीर मागायला आलेल्या लेकराला वडील दोनदा विचारून घ्यायचे, एका अक्षराचा फरक, पण एक औषधपाण्याची चीज अन् दुसरी तंबाखू.

वैद्य, अंबाजोगाई

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथंच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. रोज एखादा तरी पेशंट मला सांगतो की तपकीर म्हणजे आयुर्वेदातलं नस्यच.

नाही. नस्य म्हणजे नाकावाटे औषध देणं, पंचकर्मांतलं एक. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा विसावा अध्याय त्यावरच आहे आणि 'नासा हि शिरसो द्वारम्' हे वचन तिथलंच. तेल, तूप, रस आणि चूर्णसुद्धा नाकावाटे द्यायला सांगितलंय. चूर्ण द्यायची पद्धत म्हणजे सहा अंगुळं लांब, दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळीत औषध भरून फुंकायचं. दाटलेल्या कफासाठी आम्ही आजही कायफळाचं चूर्ण वापरतो, शिंका येतात अन् डोकं हलकं होतं. त्यात तंबाखूचा कणही नसतो. असणार कसा? तंबाखू अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्याला लागली. दख्खनेत ती उत्तरेच्या आधी रुळली. अकबराच्या दरबारात असद बेग १६०४-०५ च्या सुमारास ती घेऊन गेला तो विजापुराहून.

तंबाखूला औषध म्हणायची सवय मात्र आपल्या एकट्याची नाही. फ्रान्सचा राजदूत जाँ निको यानं १५६० च्या सुमारास लिस्बनहून आपल्या राजमातेकडं डोकेदुखीसाठी तंबाखूच पाठवली होती. त्याच्याच नावावरून निकोटीन हा शब्द आला.

आराम वाटतो तो का, तेही सांगतो. पूड नाकाच्या अस्तराला टोचते, पाणी सुटतं, शिंका येतात, तुंबलेलं बाहेर पडतं. तेवढं काम तर वाफाऱ्यानंही होतं. मग निकोटीन अस्तरातून थेट रक्तात जातं, काही मिनिटांत नाडी वाढते, रक्तदाब चढतो, झोप उडते. तुमच्या आबांची जागल त्यावरच निघायची. पण उतरलं की डोकं पुन्हा जड, नाक पुन्हा बंद, की पुन्हा चिमूट. माणूस म्हणतो सर्दीसाठी ओढतो, आणि सर्दी जातच नाही.

ताई, रक्तदाब, हृदयविकार किंवा दिवस गेलेले असतील तर एकदाही नको. आणि डबी लेकरांच्या हाती लागू देऊ नका. आबा हातातून काढून घ्यायचे ते अगदी बरोबर होतं, थोडी पूड पोटात गेली तरी लहान मुलाला विषबाधा होते.

बालाघाटची लेक

मला वासाबद्दल काही सांगता येणार नाही. पण आमच्याकडं तपकीर नाकात नव्हती, दातांवर होती. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव. माय कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायची, पहाटे तीनला उठून फडात. उठली की आधी तपकिरीचं बोट हिरड्यांवर फिरवायची, भूक मरते अन् दात दुखत नाहीत म्हणायची. कुणी मिश्री, कुणी तपकीर, टोळीतल्या बहुतेक बायांचं तेच.

तीन वर्षांपूर्वी तिला तिखट लागेना झालं, म्हणजे सहन होईना. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. मी मोबाईलची बॅटरी लावून तोंडात बघितलं तर खालच्या ओठाच्या आत, ती बोट ठेवायची अगदी तिथंच, पांढरा चट्टा. नखाएवढा. पुसला तरी जाईना. पहिल्या डॉक्टरनं मलम देऊन घरी पाठवलं, त्यात आमचे चार महिने गेले. मग दुसरीकडं तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण तिकडंच निघालं होतं. मायनं त्या दिवशी डबी विहिरीत टाकली. सोडताना लई हाल झाले तिचे, पंधरा दिवस डोकं धरून बसायची. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे तंबाखू सोडण्यासाठी, तिथली बाई मायशी सावकाश बोलायची, त्याचा आधार झाला.

ताई, तुम्ही एकदाच म्हणताय, तुमच्यावर माझा विश्वास आहे. फक्त ज्यांच्या घरात आई, आजी रोज तपकीर लावते त्यांनी आज रात्री तिच्या तोंडात बॅटरी मारून बघा.

दुधनाकाठची

सगळ्यांचे आभार. बालाघाटच्या ताई, तुमचं वाचून मी माझ्या सासूबाईंना ओसरीवर बसवलं अन् बॅटरी घेऊन बघितलं. त्या मिश्री लावतात. चट्टा नाही, पण डाव्या बाजूला हिरडी खाली सरकलीय. सोमवारी दाखवायला नेतेय.

आता तपकिरीचं. परभणीत एका जुन्या पानपट्टीत सुवासिक म्हणून मिळाली. चपटी पत्र्याची डबी, पाऊण भाग इशाऱ्याच्या चित्रानं झाकलेला. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आत्याला शेजारी बसवलं अन् मोंढ्यातल्या दादांनी सांगितलं तशी अर्ध्या दाण्याएवढी घेतली.

आधी काहीच नाही. मग नाकाच्या मुळाशी मिरचीच्या फोडणीसारखं चरचरलं, दोन्ही डोळ्यांना पाणी, आणि शिंका. सात. आत्या मोजत होती. शिंका थांबल्यावर कपाळापर्यंत गारवा चढला, तो पुदिन्याचा. अन् सगळ्यात शेवटी, नाक निवल्यावर, लांबून आल्यासारखा गुलाब. तेवढा क्षण खरंच सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण पाचेक मिनिटांत हातापायाला मुंग्या, काळीज धडधडायला लागलं, घशात कडू उतरलं. आत्यानं गूळ-पाणी दिलं. तासाभरानं उठले.

आणि तो वास नव्हताच. जवळपासही नाही.

मी आत्याला म्हटलं, आबा कोणती सुवासिक घ्यायचे तेवढं आठव. तर आत्या म्हणाली, "सुवासिक? आबा साधीच आणायचे गं, बाजारातली, सगळ्यात स्वस्त. पैसे कुठं होते?" मग मी मोंढ्यातल्या दादांचं वाचून दाखवलं, डबी कशाशेजारी होती ते बघा, ते. आत्या बराच वेळ गप्प बसली अन् मग बोलायला लागली.

महालक्ष्म्यांना आमच्याकडं केवडा यायचा. विसर्जन झालं की आजी कणसाची पानं सोडवून लुगड्यांच्या घड्यांत ठेवायची, हे मलाही आठवतं. पण एक पट्टी ती बाजूला काढायची, कात्रीनं काटेरी कडा कापायची, सुपारीएवढी घडी करायची अन् आबांच्या डबीत तळाशी ठेवून वर तपकीर भरायची. दरवर्षी. पट्टी वाळून कागदासारखी झाली तरी पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत तीच. आबा गेले तेव्हा डबी धुतली नाही, तशीच पेटीत ठेवली, केवड्यात.

मी विचारलं, आबांना माहीत होतं का? आत्या म्हणाली, "बोलले कधीच नाहीत. पण पारावर सगळे एकमेकांची डबी फिरवायचे, आबांनी दुसऱ्याच्या डबीतली चिमूट कधी घेतली नाही."

आणलेली तपकीर लेकरांच्या हाती नको म्हणून संडासात ओतून टाकली. आबांची डबी ठेवलीय. यंदा तिच्यात नुसता केवडा घालणार आहे. परभणीत कणीस कुठं मिळेल?

मोंढ्यातला

ताई, मला वाचून वडिलांची आठवण झाली. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी फूलबाजारात सकाळी सहालाच जा, दहापर्यंत चांगली कणसं संपतात. आतली पिवळट पानं घ्या, बाहेरची हिरवी नको, त्यांना वास कमी. फडकं न्या, काटे फार असतात. आणि डबीत घालायच्या आधी पट्टी दिवसभर सावलीत सुकवा, ओली घातली तर पितळेला कळंक येईल.