बायोमेडिकल इंजिनिअरिंग घ्यावं का? लेकीसाठी सल्ला हवा

साताऱ्याची_आई
नमस्कार मंडळी. लेक बारावीला पीसीएमबी घेऊन होती. नीटमध्ये मनासारखं झालं नाही, सीईटी बरी गेली. आता कॅप राउंडचा (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेरीचा) फॉर्म भरायचाय आणि तिनं बायोमेडिकलवर बोट ठेवलंय. "डॉक्टर नाही तर डॉक्टरांची मशिन्स," म्हणते. ह्यांचा हट्ट कॉम्प्युटरचा. आमच्या नात्यात इंजिनिअर कुणी नाही, विचारायचं कुणाला? नेमकं काय शिकवतात आणि पुढे नोकरी कुठे मिळते?

पन्नास_हर्ट्झ
ताई, मी मुंबई विद्यापीठातून हेच केलंय, अकरा वर्षं हॉस्पिटलात आहे.

पहिली गोष्ट, नीट हुकली म्हणून ही शाखा घेऊ नका. नाव बायो असलं तरी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी थोडंच, बाकी सर्किट्स, सिग्नल्स आणि लाप्लास, फूरिए असलं गणित. आमच्या वर्गात बायोलॉजीच्या ओढीनं आलेल्या निम्म्यांनी दुसऱ्याच वर्षी हाय खाल्ली होती.

काम कसं असतं ते सांगतो. रात्री दोनला आयसीयूतून सिस्टरांचा फोन, "मॉनिटर गेलाय, दुसरा द्या." जाऊन बघतो तर ईसीजीची रेघ सुरवंटासारखी जाड, केसाळ. ही विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची घरघर. मॉनिटर ठणठणीत होता, पेशंटच्या छातीवरच्या इलेक्ट्रोडची जेल सुकली होती. तीन इलेक्ट्रोड बदलले, रेघ स्वच्छ. कारण पुस्तकात होतं, पण हात आधी मॉनिटरच्या मागच्या वायरींकडेच गेला!

एरवी डिफिब्रिलेटरची (हृदयाला शॉक देणाऱ्या मशिनची) ऊर्जा तपासणं, मशिनमधून झिरपणारा लीकेज करंट मोजणं, एएमसी-सीएमसीच्या म्हणजे देखभालीच्या करारांच्या फायली. सुरुवातीला पगार बेताचा, हे लपवत नाही. मी ज्या पहिल्या हॉस्पिटलात होतो तिथे तर लिफ्ट बंद पडली तरी मलाच बोलवायचे.

गेट_वाला
हॉस्पिटल हा एकच रस्ता नाही. २०२० पासून गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. मी त्यातून एमटेकला गेलो. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी हे मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक चालवतात, ते लेकीला दाखवून ठेवा.

चित्राची हृदयाची कृत्रिम झडप माहितीये? डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवली. त्याआधीची मॉडेलं चाचण्यांत फसली होती. मिनिटाला ७० ठोके धरले तरी झडप दिवसाला लाखभर वेळा उघडते-मिटते, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. आतली चकती झिजायची नाही, चिरायची नाही आणि रक्तही गोठू द्यायचं नाही. असलं कोडं डोक्यात घोळवायला आवडत असेल तर पोरगी योग्य जागी चाललीये.

स्पष्टवक्ता
ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) घ्या आणि एमटेकला बायोमेडिकल करा. दारं जास्त उघडी राहतात. कॅम्पसला बायोमेडिकलच्या पोरांना शेवटी सॉफ्टवेअरवालेच उचलतात.

पन्नास_हर्ट्झ
@स्पष्टवक्ता, ईएनटीसीचं पटतं. सॉफ्टवेअरचं आमच्या बॅचला लागू होतं. पण एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, तेव्हापासून रेग्युलेटरीचं, म्हणजे कायद्याप्रमाणे उपकरणांना मंजुरी मिळवायचं, कामही वाढलंय. माझ्या दोन मैत्रिणी त्यातच आहेत, नाइट ड्यूटी नाही.

ताई, कॉलेजचं ब्रोशर बाजूला ठेवा. लेकीला घेऊन लॅब बघायला जा. व्हेंटिलेटर चालू करून दाखवा म्हणावं. आमच्या वेळी एक होता, तोही प्लॅस्टिक न काढलेला.

साताऱ्याची_आई
सगळ्यांचे आभार. लेकीला धागा वाचायला दिला. तिनं एकच विचारलंय, जेल सुकली की ५० हर्ट्झ आत शिरतंच कसं?

पन्नास_हर्ट्झ
जेल सुकली की त्या जागचा रोध वाढतो. दोन इलेक्ट्रोड सारखे राहिले नाहीत की दोन्हींकडून येणारी घरघर एकमेकींतून वजा होत नाही, ती रेघेत उतरते. पुढचं तिला कॉमन मोड रिजेक्शन या नावाखाली सापडेल. आणि लेकीचे बाबा काय म्हणतात ते कळवा.