उबुंटूतल्या स्क्रिप्टमधून विंडोजच्या पार्टिशनवर फाइल लिहायचीय: कधी एरर, कधी फाइलच गायब

सीएसव्हीवाला:
मंडळी, एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. उबुंटूत पायथनची स्क्रिप्ट सेन्सरच्या नोंदींची सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) बनवते आणि विंडोजच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या विंडोजवाल्या भागात टाकते, कारण एक्सेलचं काम सगळं तिकडे. कधी ‘एरर 30, रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ म्हणून बोंबलते. कधी एरर येत नाही, पण विंडोजमध्ये गेलं की फाइलच नसते. सूडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवतोय, तरी हेच. कोडमध्ये काय बदलू?

माउंटकरी:
एरर 30 कोड बदलून जाणार नाही, सूडोने तर नाहीच. परवानगीचं दुखणं असतं तर एरर 13 आला असता. इथे अख्खं पार्टिशनच फक्त वाचण्यापुरतं जोडलं, म्हणजे माउंट केलं गेलंय.

कारण बहुतेक फास्ट स्टार्टअप, विंडोज 8 पासून आलेलं. तुम्ही शट डाउन करता, पण विंडोज कर्नलची (आपल्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर लिहून नुसतं झोपतं. एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल सिस्टीमचा) हिशेब त्याने तसाच उघडा ठेवलेला असतो. त्यात बाहेरून कोणी लिहिलं आणि ते जुन्याच हिशेबाने जागं झालं, की टेबलांचा चुथडा. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर लिहायला नकार देतो, आणि बरोबरच करतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. आत्ता घाई असेल तर शट डाउनऐवजी रीस्टार्ट मारा आणि ग्रबमधून (सुरुवातीला सिस्टीम निवडायच्या मेनूतून) उबुंटू निवडा. रीस्टार्टमध्ये विंडोज नीट आवरून बंद होतं. ‘रिमूव्ह हायबरफाइल’ हा झोपेची फाइल पुसणारा पर्याय देऊन माउंट करा असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, हायबरनेट केलेलं सेशन त्यातल्या न जतन केलेल्या कामासकट जातं.

गायब फाइल्स मात्र गायब नाहीत. माउंट झालं नसेल तर एमएनटीखालचा, जिथे पार्टिशन जोडतात तो फोल्डर म्हणजे उबुंटूचाच एक रिकामा फोल्डर. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत) ‘नोफेल’ असेल तर माउंट फसूनही बूट बिनबोभाट पुढे जातं, आणि सूडो असल्यामुळे तिथे लिहायला कोणी अडवत नाही. पार्टिशन अनमाउंट करून आत डोकावा. पुढे लिहिण्याआधी माउंट झालंय का ते पायथनच्या ‘ओएस.पाथ.इजमाउंट’ला विचारा, ‘फॉल्स’ आलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा.

सीएसव्हीवाला:
सापडल्या की! सगळ्या तिथेच ढिगाने पडल्यात. फास्ट स्टार्टअपही बंद केलं. आता फाइल विंडोजमध्ये दिसते, पण उघडत नाही. नाव ‘नोंद_22:30.सीएसव्ही’ असं आहे.

माउंटकरी:
तो कोलन काढा. लिनक्सला चालतो, विंडोजला नाही. माउंट करताना ‘विंडोज_नेम्स’ पर्याय दिलात तर असं नाव लिहितानाच एरर येईल.

दोन्हीकडचा:
एवढं कशाला? दोघांसाठी एक वेगळं एक्सफॅट (दोन्ही सिस्टीमना चालणाऱ्या फाइल सिस्टीमचं) पार्टिशन करा, कटकट नको.

माउंटकरी:
चालेल, पण फास्ट स्टार्टअप तरीही बंदच हवं. झोपलेलं विंडोज त्या पार्टिशनचाही जुना हिशेब धरून बसतं. शिवाय एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणारी नोंदवही नाही. लिहिता लिहिता लाइट गेली तर एनटीएफएस बरं.