किमान वेतन वाढलं की कामगार खरंच कमी होतात का?

हिशेबनीस३७

किमान वेतनातला विशेष (महागाई) भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, मधूनच मूळ दरही वाढतात. मालक म्हणतात धंदा बसणार, युनियन म्हणते काही होत नाही. मला घोषणा नकोत, आकडे हवेत.

समजा ४० कामगारांचं पॅकिंग युनिट आहे, मूळ अधिक विशेष भत्ता मिळून महिना १३,५०० रुपये, आणि दर १,००० ने वाढला. मालकावर खरा भार किती येतो? तो कुठून भरून काढला जातो? आणि काम पीस रेटवर (जितकं काम तितकी मजुरी) असेल तर?

वेतनपट

आधी भार बघू. हजार रुपयांवर भविष्य निर्वाह निधीचे मालकाचे १२ टक्के म्हणजे १२०, विमा आणि प्रशासन शुल्क मिळून १०. ईएसआय (कामगार राज्य विमा) ३.२५ टक्के, म्हणजे ३२.५०. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे ८३.३०. ग्रॅच्युइटीची तरतूद (वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणून १५ भागिले २६, भागिले १२) ४८.१०. एकूण १,२९४ रुपये. ४० जणांचे महिन्याला साधारण ५१,८०० रुपये. रजेचा पगार यात धरलेला नाही. ५० किंवा जास्त कामगार असते तर महाराष्ट्राच्या घरभाडे भत्ता कायद्याने आणखी ५ टक्के आले असते.

'बोनस तर महिना ७,००० पगार धरूनच निघतो' असं कुणी सांगेल. तसं नाही. ७,००० किंवा किमान वेतन, यांतलं जे जास्त त्यावर बोनस निघतो, त्यामुळे किमान वेतन वाढलं की बोनस आपोआप वाढतो. बजेट करताना ही ओळ हमखास सुटते आणि दिवाळीत कळते.

कामगाराच्या हातात १,००० मधले ८७२.५० पडतात. मालकाला १,२९४, कामगाराला ८७२. मधली रक्कम निधीत, विम्यात आणि पुढच्या देण्यांत जाते.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. निधीची १५,००० ची: त्यावरच्या पगारावर मालक वर्गणी तिथेच थांबवू शकतो, म्हणून पुढची वाढ त्याला थोडी स्वस्त पडते. ईएसआयची २१,००० ची: ही ओलांडली की कामगार योजनेबाहेर जातो, मात्र चालू वर्गणी कालावधी (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत संरक्षण राहतं. कुशल कामगाराचा दर २१,००० च्या आसपास असेल तर शंभर-दोनशेच्या वाढीत घरच्यांच्या उपचारांची सोय जाते. किमान वेतन वाढवणारे आणि ईएसआयची मर्यादा ठरवणारे वेगवेगळ्या टेबलांवर बसतात, त्याचा हा परिणाम.

आता वसुली. मजुरी उत्पादन खर्चाच्या १० टक्के असेल तर ७.४ टक्के वाढीने मालाचा खर्च पाऊण टक्क्याच्या आतच वाढतो. कच्च्या मालाचे भाव आठवड्यात तेवढे हलतात. सुरक्षारक्षक किंवा सफाईचं कंत्राट असेल तर मजुरीच ८५ टक्के, तिथे बिल सव्वासहा टक्क्यांनी वाढतं. म्हणून 'किमान वेतनाने धंदा बसतो का' याला सरसकट उत्तर नाही. आधी मजुरीचा वाटा सांगा, मग बोलू.

ओव्हरटाइमकडे मात्र जरूर बघा. नवा पगार १४,५०० भागिले २६ दिवस भागिले ८ तास म्हणजे तासाला ६९.७०. नियमाप्रमाणे दुप्पट दिला तर १३९.४०. नवा माणूस सगळ्या वर्गण्या धरून तासाला सुमारे ९० ला पडतो. म्हणजे दुप्पट दर खरोखर देणाऱ्याला नवा माणूस घेणं परवडतं. पण जिथे ओव्हरटाइम सिंगल दराने आणि रोखीत दिला जातो तिथे ७० विरुद्ध ९० असा हिशेब होतो. किमान वेतन जितकं वाढतं तितका हा रुपयांतला फरक वाढतो, आणि आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन पाळ्या चालवायचा मोह वाढतो. माणसं कमी झाली असं तेव्हा दिसतं, पण त्यामागचं कारण किमान वेतन नसतं, बुडवलेला ओव्हरटाइम असतो.

धोटा_आणि_बीम

पीस रेटबद्दल लिहितो, उदाहरण इचलकरंजीच्या साध्या यंत्रमागाचं. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या मागाचे टाकून बघा.

मागाचा वेग मिनिटाला १६० पिक (आडवे धागे), कापड इंचाला ५२ पिक, कार्यक्षमता ८० टक्के. आठ तासांत एका मागावर ३० मीटर कापड निघतं. कामगाराकडे ६ माग म्हणजे १८० मीटर. दिवसाचं किमान वेतन ५२० धरलं तर मीटरला २.८९ रुपये मजुरी बसायला हवी.

आता वीज गेली, सुताची प्रत खराब निघाली, कार्यक्षमता ६५ वर आली. तेवढ्याच मागांवर १४६ मीटर निघतात आणि किमान वेतन भरायला मीटरला ३.५६ लागतात. पीस रेटवर काम असलं तरी दिवसाचं किमान वेतन मिळालंच पाहिजे, असा कायदा आहे. पण मजुरी ८० टक्क्यांवर ठरवलेली असते आणि वीज गेल्याचा तोटा कामगाराच्या गळ्यात पडतो. वाद इथेच होतो.

मजुरी वाढली की मालक माणूस काढत नाही, मागांची संख्या वाढवतो. ६ च्या जागी ८ माग दिले तर कार्यक्षमता घसरते, कारण तुटलेला धागा जोडायला माणूस पोहोचेपर्यंत माग थांबून राहतो. ७२ टक्के धरा: एका मागावर २७, एकूण २१६ मीटर, मजुरी २.४१. म्हणजे वेतन जवळपास २० टक्के वाढलं तरी मीटरचा खर्च होता तिथेच राहतो. किंमत वेगळीकडे मोजली जाते: कापडात दोष वाढतात, व्यापारी बिलातून कापून घेतो.

आणखी एक गोष्ट. खर्चीवाला यंत्रमागधारक (व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा) सूत आणि बाजारभाव ठरवत नाही. व्यापारी पिकावर जी विणाई (विणण्याची मजुरी) देतो त्यातूनच तो सगळं भागवतो. व्यापाऱ्याने दर वाढवला नाही तर वाढलेली मजुरी त्याच्या नफ्यातून जाते, आणि तो नफा मुळात फार जाड नसतो. त्याची विणाई न वाढवता फक्त कामगाराचा दर वाढवणारा आदेश काढला की तो कागदावरच राहतो. २०१५ मध्ये सायझिंग कामगारांनी (उभ्या सुताला खळ लावणाऱ्यांनी) सुधारित किमान वेतनासाठी लांबलेला संप केला तेव्हा बीम (मागावर चढवायचे उभ्या सुताचे रोळ) मिळेनात म्हणून मागही थांबत गेले. साखळीत एका जागी दर अडला की सगळीकडे अडतो.

पाणीपत्रक

'कामगार कमी होतात का' या मूळ प्रश्नावर. पाठ्यपुस्तक म्हणतं: दर वाढला की मागणी घटते. १९९२ मध्ये न्यू जर्सीत किमान दर ४.२५ वरून ५.०५ डॉलरवर गेला तेव्हा कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली आणि फास्ट फूडच्या दुकानांत नोकऱ्या घटल्याचं त्यांना आढळलं नाही. त्या निष्कर्षावर बराच वाद झाला. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. जर्मनीत २०१५ मध्ये ताशी ८.५० युरोचा दर आला, तेव्हा कमी पगाराचे काही कामगार छोट्या दुकानांतून बऱ्या पगाराच्या मोठ्या आस्थापनांत सरकले. कारण सोपं: परिसरात काम देणारे दोन-चारच असतील तर मालक बाजारभावापेक्षा कमी देत असतो, आणि दर थोडा वाढला तरी तो माणूस ठेवतोच.

पण महाराष्ट्रातलं उलटं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. रोजगार हमी योजना. १९८८ मध्ये शेतमजुरांचं किमान वेतन वाढलं आणि त्यासोबत हमीच्या कामाचे दरही साधारण दुप्पट झाले. कायदा मागेल त्याला काम देण्याचा, पण खर्चाची तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की त्यानंतर कामाची उपलब्धताच आखडली. हमी कागदावर तीच राहिली, प्रत्यक्षात रेशनिंग सुरू झालं. त्याआधी योजनेला कुणाला निवडावं लागत नव्हतं, कारण कमी दरामुळे ज्याला खरंच गरज आहे तोच येत असे. दर वाढल्यावर रांग लांबली आणि पैसा तेवढाच.

म्हणून मी असं वाचतो: दर वाढवणाऱ्याच्या खिशात त्याचा पैसा असेल, मग तो ग्राहकाकडून येवो, नफ्यातून येवो किंवा सरकारी तिजोरीतून, तर काम टिकतं. बजेट गोठलेलं असेल तर दर आणि दिवस एकमेकांना खातात.

हिशेबनीस३७

हे भारीच. मग एक शेवटचं: आमच्याकडे सफाईचं कंत्राट आहे, निविदा गेल्या वर्षीच्या दराची. ठेकेदार म्हणतो खात्यावर पूर्ण देतो, काही अडचण नाही. काय बघावं?

वेतनपट

खातं बघून भागत नाही. तीन गोष्टी जुळवा: हजेरीपटावरचे दिवस, बँकेत गेलेली रक्कम, निधीच्या चलानातले दिवस. दर पूर्ण दाखवायचा आणि २६ ऐवजी २० दिवस लावायचे, ही जुनी युक्ती आहे. दुसरी, पूर्ण रक्कम जमा करून रोख परत घेणं. ती कागदावर दिसत नाही, कामगारांना ठेकेदार नसताना विचारावं लागतं. तिसरी, 'इतर भत्ता' कमी करून विशेष भत्ता वाढवणं. इतर भत्ता किमान दराच्या वर होता तर एकूण आकडा जिथल्या तिथे राहतो आणि वाढ कामगारापर्यंत पोहोचतच नाही.

निविदेत 'किमान वेतनातील वाढ प्रत्यक्ष फरकाने वेगळी देय' हे कलम नसेल तर ठेकेदार वर्षभराचा नफा जानेवारी आणि जुलैच्या भत्त्यांत गमावतो, आणि मग ही चोरी सुरू होते. कलम टाका आणि फरक हजेरीपट जोडल्यावरच द्या. ठेकेदाराने वेतन बुडवलं तर ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे कंत्राट देणाऱ्या तुमच्यावर, येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतनाचे जुने कायदे एकत्र करणारी वेतन संहिता लागू झाली आहे. पूर्वी दाव्याला सहा महिने होते, आता तीन वर्षं मिळतात, त्यामुळे जुने हजेरीपट फेकू नका.